ओराझिओची उजवी काख

"गाठ नाही, स्तन आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ओराझिओ स्कुदेरीनं उजवा हात डोक्यावर तसाच ठेवून मान वळवून पाहिलं, आपल्यामागं कोणी बाई येऊन उभी राहिली की काय म्हणून. मागं नुसती भिंत होती आणि भिंतीवर गेल्या सालचं कॅलेंडर. ओराझिओ एक्कावन्न वर्षांचा, मानेला तीन वळ्या, कातानियाच्या मासळीबाजारामागच्या गल्लीत खाटकाचं दुकान, अर्धा बैल एकटा उचलून आकड्याला टांगणारा माणूस. त्याच्या उजव्या काखेत गार गार चिकट मलम फासलेलं होतं आणि डॉक्टरीणबाई, ज्या त्याच्या मुलीहून, लोरेदानाहून, फार मोठ्या नसतील, यंत्राचा पडदा त्याच्याकडं वळवून बोटानं दाखवत होत्या: ही चरबी, ह्या नळ्या, बघा. भिण्यासारखं काही नाही. आईच्या पोटात असताना सगळ्यांनाच काखेपासून जांघेपर्यंत अशी एक रांग असते, मग ती आपोआप विरून जाते, तुमची एक जागा विरायची राहून गेली. तो तीळ म्हणता ना, तो तीळ नाही, त्याचंच बोंड आहे. रक्तदाबाच्या नव्या गोळ्यांनी सूज आली, गोळ्या बदलू, उतरेल. फारच अडचण वाटली तर काढून टाकता येतो. ओराझिओनं मान डोलावली. तीन आठवडे हा माणूस मरत होता. गिऱ्हाइकाला मांस तोलून देताना मरत होता, मिशी कातरताना मरत होता, थडग्यावर लावायला फोटो कुठला द्यायचा तेही ठरवून बसला होता, मेसिना गावातल्या एका लग्नातला, टाय घातलेला. आता बाईनं त्याचा जीव त्याला परत दिला होता, आणि तो कागदात बांधून दिलेल्या भलत्याच मालाकडं पाहावं तसा त्याच्याकडं पाहत होता. हे नाही मागितलं मी, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

शर्टाची बटणं लावताना त्याच्या लक्षात आलं की आपण उजवा हात अंगापासून वीतभर लांब धरलाय, काखेत कलिंगड असल्यासारखा. काल हात असा नव्हता. कालपर्यंत तिथं रोग होता, आणि रोग आपलाच असतो, त्याच्याशी माणूस भांडतो, शिव्या देतो. आज तिथं दुसरंच कोणी राहायला आल्यासारखं झालं होतं, आणि ते कोणी बाईमाणूस होतं, त्यामुळं शिवीही देता येईना. बाहेर यायचं तर त्याच खोलीतून यायचं होतं जिथं तासभर तो बसला होता: अकरा बायका आणि तो. दवाखान्याच्या ह्या, बायकांच्या छातीच्या दुखण्याच्या मजल्यावर बाकी कोणता पुरुष येणार? आल्या आल्या समोरच्या बाकावर त्रिंगालीबाई दिसल्या होत्या, दर मंगळवारी अर्धा किलो काळीज नेणाऱ्या, आणि काळीज बांधून होईपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याची खबर देणाऱ्या. बाईंनी त्याला पाहिलं, त्याच्या शेजारची रिकामी खुर्ची पाहिली, डॉक्टरांच्या बंद दाराकडं पाहिलं आणि आवाज एकदम मऊ करून विचारलं, "बायकोला आणलंय? तिंदाराला?" आणि ओराझिओनं हो म्हणून मान हलवली. एवढंच. तोंडानं तो खोटं बोलला नाही, हे तो नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता. मान आपोआप हलली, माशी बसल्यावर हलते तशी. त्रिंगालीबाईंनी छातीवर क्रूस काढला, आगातामायचं नाव घेतलं, आणि नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. तिथंच त्याला धोका कळायला हवा होता.

पण त्याला त्या क्षणी एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती काही उगाच नव्हती. ह्या बाजारात माणसाला नाव पडतं. पाद्र्यानं ठेवलेलं नाव थडग्यापुरतं. बाजार ठेवतो ते खरं नाव, आणि ते पोरांना, नातवंडांना, सुनांना चिकटतं. कालवं विकणारा पिप्पो लोकाच्या मयतीला ढसाढसा रडला, पन्नास वर्षांपूर्वी, तोही चुकीच्या घरात. त्याचं नाव पडलं विधवा. पिप्पो मेला, पण त्याचा नातू तुरीनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे आणि सुट्टीला आला की लोक म्हणतात, विधवेचा आला बरं का. लिंबूवाल्याला अर्धाशहाणा म्हणतात, त्यानं कधी शहाणपणा दाखवला नाही तरी. पाववाल्याच्या घराण्याचं नाव तर बायकांसमोर घेता येत नाही, म्हणून बायका त्यांना नुसतं 'ते' म्हणतात. या सगळ्यात एक ओराझिओच कोरा राहिला होता. त्याचा बाप डोंगरापलीकडच्या गावातून आला, चार शब्द बोलायचा, लवकर गेला. बाजाराला त्याच्यावर हात साफ करायला सवडच मिळाली नाही. आणि ओराझिओनं उभा जन्म सांभाळून काढला. दारू पिऊन कधी गायला नाही. मयतीला रडला नाही, आईच्याही. पाठीमागच्या कोठीत जाऊन रडला, दार लावून. आकड्याला टांगलेल्या धडावर नाव नसतं तसं आपलं आहे, स्वच्छ, असं त्याला वाटायचं आणि त्याचा त्याला छुपा अभिमान होता. आता काखेतली ही बातमी बाजाराला कळली तर काय नाव पडेल याचा विचारसुद्धा तो पुरा करू शकत नव्हता. आणि बाजार कुठला, तर आगातामायचा, छळ करणाऱ्यांनी जिचे दोन्ही स्तन कापून नेले त्या शहराच्या देवीचा. जिथं फेब्रुवारीत हलवायांची काचेची कपाटं देवीच्या गोल गोल पांढऱ्या मिठायांनी भरतात, वर एक एक चेरी, आणि त्या नेहमी जोडीनंच द्यायच्या घ्यायच्या. पोरंसुद्धा मोजून घेतात. तिसरी कोणाची, हा प्रश्न या शहरात कधी कोणाला पडला नव्हता.

दुकानात येऊन त्यानं पांढरा अंगरखा चढवला आणि ओट्यावर बघतो तर काय, सकाळी उकडून ठेवलेली गाईची कास. मंगळवारी लोक मीठ-लिंबू लावून खातात. पंचवीस वर्षं तो ती कापत आला होता, मऊ, पांढरट, मधे नळ्यांची जाळी, आणि आता सुरी टेकवायला हातच धजेना. पडद्यावर हेच होतं. त्यानं कास पाठ वळवून कोठीत नेऊन ठेवली आणि आलेल्या पहिल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, आज नाही. बाई म्हणाली, दिसतेय की तिथं. तो म्हणाला, ती देण्यासारखी नाही. मग एकटाच असताना त्याला आई आठवली, तिचे साबणाचे खरबरीत हात, आंघोळीची परात, हात वर कर म्हटलं की तो हात वर करायचा आणि आई त्या तिळावरून अंगठा फिरवायची. असा तीळ लाखात एकाला असतो, म्हणायची. बिचारीला माहीत होतं की नव्हतं? सैन्यभरतीच्या वेळी डॉक्टरानं सगळ्यांना ओळीत हात वर करून उभं केलं होतं, ह्याच्यासमोर थांबला, चष्मा पुसला, 'हं' म्हणाला आणि पुढं गेला. तेहेतीस वर्षांनी ओराझिओला त्या 'हं'चा अर्थ लागला आणि एकटाच असून तो कानापर्यंत लाल झाला. तिंदारानं लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात तो तीळ पाहून हसून काय काय म्हटलं होतं तेही आठवलं, ते मात्र त्यानं लगेच मनाआड केलं.

दुसऱ्या दिवशी बाजार बदलला. म्हणजे बाजार होता तिथंच, पण ओराझिओ जाईल तिथं आवाज खाली यायचा. मासेवाल्यानं सगळ्यात चांगला मासा कागदात गुंडाळून त्याच्या हातात कोंबला आणि त्याच्या गालाला ओला हात लावून म्हणाला, धीर धर. ऑलिव्हवाल्या म्हातारीनं त्याचं तोंड कुरवाळलं. ओराझिओला प्रथम वाटलं, कळलं यांना. मग वाटलं, पण कोणी हसत कसं नाही? लिंबूवाला अर्धाशहाणा, जो देवळातही हसतो, तो टोपी काढून उभा होता. दुपारी नुन्झिओकाका दुकानात आले. काका चौऱ्याहत्तरीचे, स्वतः जुने खाटीक, आणि खाटकांच्या मनोऱ्याचे नायक. देवीच्या उत्सवात प्रत्येक धंद्याचा एक सोन्याचा मुलामा दिलेला भलाथोरला मनोरा निघतो, दहा दहा माणसं खांद्यावर घेऊन डुलवत नेतात, आणि ओराझिओ एकोणीस वर्षं त्या दहातला एक. काका कधी दुकानात येऊन बसत नसत. आज स्टुलावर बसले, गुडघ्यावर टोपी ठेवली. पोरांनी ठरवलंय, म्हणाले. शनिवारी दुपारी मनोरा तुझ्या गल्लीत वळवायचा. तिंदाराच्या सज्जाखाली थांबायचं आणि पुरा नाच करायचा, जड आजाऱ्यापुढं करतात तसा. आगातामायचं तिच्या ह्या दुखण्यावर विशेष लक्ष असतं. तू काही बोलू नको, म्हणाले, आम्हाला कळतं. आणि ओराझिओची मान पुन्हा हलली. लाज वाटावी अशी गोष्ट, पण त्या क्षणी त्याची छातीच फुगली. असा मान आजवर एकदाच कोणाला मिळाला होता, आणि तो माणूस आठ दिवसांत गेला होता. काका गेल्यावर मात्र तो त्याच स्टुलावर बसून दिवस मोजू लागला. चार दिवसांचा प्रश्न आहे, तो स्वतःला समजावत होता. नाच होऊ दे, मग सांगू तिंदारा बरी झाली. देवीचीही वाहवा होईल. कोणाचं काय गेलं?

कोणाचं काय गेलं ते घरी जाऊन कळलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर पाच भांडी होती, पाची शेजारणींची, सूप, भात, पुन्हा सूप, आणि तिंदारा त्यांच्यामागं हात जोडून बसली होती. ती कधी बसत नाही. सव्वीस वर्षांत त्यानं तिला ह्या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिच्या कानात कर्णफुलं नव्हती; टेबलावर काढून ठेवली होती, एका चिठ्ठीवर, आणि चिठ्ठीवर लिहिलं होतं, लोरेदानासाठी. शेगडी चालू नव्हती. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि सरळ आवाजात बोलली, गॅस संपलाय म्हणून सांगावं तशी.

"डॉक्टरांनी तुला बोलावून सांगितलं ना? मला नको कळायला म्हणून. किती दिवस आहेत माझे?"

तीन आठवडे स्वतःच्या मरणाचे सगळे प्रकार ओराझिओनं घोळवून पाहिले होते, पण हे त्याच्या कल्पनेत नव्हतं. तो दारातच उभा राहिला, काखेपासून हात लांब धरून. सांगायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य त्याच्या घशाशी आलं आणि त्याच्यामागून अख्खा बाजार आला, विधवा, अर्धाशहाणा, 'ते', आणि तुरीनहून आलेला इंजिनियर. तिंदारा सांगतच होती. शेजारणी येतात, गळ्यात पडतात, काही बोलत नाहीत. तिनं स्वतःच सकाळी आंघोळ करताना चाचपून पाहिलं, काही लागेना, आणि काही लागत नाही म्हणूनच ते आत खोल असणार, तिच्या मावशीचं तसंच होतं. पाणी तापवायचं यंत्र कसं लावायचं ते तिनं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय, कारण ते त्याला कधी जमलेलं नाही, मोठी कळ आधी दाबायची आणि दहा आकडे मोजायचे. दहा म्हणजे दहा, म्हणाली, तू पाचलाच सोडतोस. ओराझिओनं भिंतीवरचा कागद पाहिला. तिनं बाणसुद्धा काढला होता. आणि त्याला इतकं वाईट वाटलं की बाजार, नाव, अब्रू, सगळं एकदम कुठल्या कुठं गेलं.

"तुला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मला स्तन आहे."

ती नुसती पाहत राहिली. तिला वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं. मग त्यानं शर्ट काढला, हात वर केला, आणि दवाखाना, गोळ्या, आईच्या पोटातली रांग, त्रिंगालीबाई, मान हलली ते, सगळं एका दमात ओकून टाकलं. तिंदारा उठली. जवळ आली. चष्मा लावला. बोटानं दाबून पाहिलं, जसा ती बाजारात टोमॅटो दाबते. आधी तिच्या खांद्यांतून हसू आलं, मग पोटातून, मग ती खुर्ची धरून हसली, तोंडात फडका कोंबून हसली, आणि हसता हसता तिनं त्याच्या उघड्या पाठीवर असे काही सणसणीत दणके घातले की खाली राहणाऱ्या म्हातारीनं छताला काठी ठोकली. तीळ म्हणे! सव्वीस वर्षं तीळ! मग एकदम रडायला लागली. सकाळपासून मरतेय मी, म्हणाली, कर्णफुलं काढली, तुझ्या सदऱ्यांना इस्त्री करून ठेवली, बारा सदरे, बारा, मेल्या, आणि तू एका नावासाठी गप्प. तो हात वर करूनच उभा होता, खाली करायचं सुचलं नाही. शेवटी तिनं डोळे पुसले, कर्णफुलं घातली आणि शेगडी पेटवली. आत्ताच्या आत्ता काकांकडं जा, म्हणाली. ज्या देवीचे दोन्ही कापून नेले तिच्यासमोर तू एक जास्तीचा घेऊन खोटं बोलणार, आणि वर तिला माझ्या दारात नाचवणार? मी सज्जात उभी राहायची नाही. आणि काय नाव पडायचं ते पडू दे. मलाही पडेल, लोरेदानालाही पडेल. आम्ही बघून घेऊ.

मनोरा ठेवतात ती वखार चार गल्ल्या पलीकडं होती. चार गल्ल्यांत ओराझिओनं सतरा नावं तयार केली. एकेक नाव तो मनात मोठ्यानं हाक मारून बघायचा, स्वतःला, मग जावयाला, मग अजून न जन्मलेल्या नातवाला शाळेच्या फाटकात. काही तर चांगलीच होती. त्याला वाटलं, हे बाजाराला सुचायचं नाही, आणि लगेच वाटलं, सुचेल. वखारीत नुन्झिओकाका एकटेच होते, ओलं फडकं आणि लाकडी पट्टी घेऊन मुलाम्यावरचं मेणबत्त्यांचं मेण खरवडत. ऊन अजून दारातून आत येत होतं. ओराझिओनं बसायचं नाकारलं, टोपी काढली, आणि एका श्वासात सांगून टाकलं: तिंदारा ठणठणीत आहे, दुखणं माझं होतं, दुखणंही नव्हतं, उजव्या काखेत मला एक स्तन आहे, जन्मापासून, शनिवारचा नाच रद्द करा, आणि आता काय करायचं ते करा. काका खरवडायचे थांबले. ते हसण्याची तो वाट पाहत होता. काकांनी डोळे मिटले, क्रूस काढला आणि म्हणाले, तिंदारा ठीक आहे ना? नक्की? दोनदा विचारलं. कालपासून आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही रे, म्हणाले. मग फडकं पिळता पिळता अगदी सहज म्हणाले, "दुखतं का फार? ते तुझं उजवं."

ओराझिओला कळेना. तो म्हणाला, काका, मी आत्ता सांगतोय तुम्हाला.

"तू आत्ता सांगतोयस," काका म्हणाले. "तू मनोऱ्याला लागलास त्या पहिल्या वर्षी आपण सगळे समुद्रावर पोहायला गेलो, तू खडकावरून दोन्ही हात वर करून उडी मारलीस. दहाजण खाली पाण्यात होतो. माझ्या आईनं लोकांची पोरं दूध पाजून वाढवली, मला नको सांगू तीळ म्हणून."

मग हळूहळू, एकेक करून, जसं बाहेर काढावं लागलं तसं ते बाहेर आलं. त्याच दिवशी संध्याकाळी नाव पडलं होतं. दाईबाई, म्हणजे दूध पाजणारी दाई. एकोणीस वर्षं झाली. दाईबाईचं दुकान, दाईबाईची सॉसेजं, दाईबाईची लोरेदाना. लोरेदानाचं लग्न ठरत होतं तेव्हा जावयाच्या बापानं चौकशी केली ती 'दाईबाईचं घर कसं आहे' म्हणून, आणि सगळ्या बाजारानं एका तोंडानं सांगितलं, सोनं आहे. तोंडावर कोणी कधी म्हटलं नाही, कारण काकांनीच सांगून ठेवलं होतं: ह्या माणसाला आपण कोरे आहोत याचा फार आनंद आहे, राहू दे. ओराझिओ खाली बसला, मनोऱ्याच्या पायरीवरच, जिथं बसायची मनाई असते. राग यायला हवा होता. तो रागाला शोधत होता, पण सापडत होता तो वेगळाच एक प्रकार, एकोणीस वर्षं आपण झोपलो होतो आणि कोणीतरी पांघरूण सारखं करत होतं असा. काका पुन्हा मेण खरवडू लागले होते. "तुला काय वाटलं," ते पाठमोरेच म्हणाले, "इतकी वर्षं मी तुला कायम डाव्या खांद्यालाच का लावतो? जागा बदलून मागितलीस तीन वेळा, मी भांडलो तुझ्याशी. उजवीकडचा दांडा काखेत रुततो."

शनिवारी मनोरा त्यांच्या गल्लीत वळलाच. तिंदारा मेली नाही हे काही थोडं आहे का, असं काकांचं म्हणणं पडलं, आणि त्यावर कोणाला बोलता आलं नाही. सज्जातून फुलांच्या पाकळ्या पडत होत्या, बँड वाजत होता, तिंदारा कर्णफुलं घालून उभी होती आणि शेजारी त्रिंगालीबाई, अजून बातमी नीट न पोचल्यामुळं, रडत होत्या. मनोरा खाली टेकवून दहाही जण घाम पुसत होते. ओराझिओनं खांद्यावरचं पोतं सरळ केलं. काकांनी शिट्टी तोंडातून काढली, ओळीवरून नजर फिरवली, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दाईबाई, तू आधी." क्षणभर बँडसुद्धा अडखळला. नऊ माणसं खाली रस्त्याकडं बघत होती, श्वास धरून. वर तिंदारानं कठडा घट्ट धरला. ओराझिओला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण मरू. तो दांड्याखाली वाकला, डावा खांदा लावला, म्हणाला, "लावलाय काका," आणि उचललं.